हे काय आहे, असं विचारायचं नाही

मास्तरांच्या वर्गात एकच नियम होता. कुणाच्याही चित्रासमोर उभं राहून ‘हे काय आहे?’ असं विचारायचं नाही. जो विचारेल त्याने त्या दिवशी सगळ्यांचे ब्रश धुवायचे. पहिल्याच शनिवारी मी शेजारच्या बाईंच्या कागदावरचे तीन जांभळे गोळे बघून विचारलं, “वांगी का हो ही?” मास्तर लांबूनच म्हणाले, “वांगी हवी असतील तर बाजारात जा. इथे रंग आहे, आकार आहे, बस.” चौदा जणांचे ब्रश मी एकटीने धुतले. नखांत बसलेला काळा रंग बुधवारपर्यंत निघाला नाही. तेव्हाच कानाला खडा लावला.

आणि खरंच पुन्हा विचारलं नाही. माझा भाऊ अकरा शनिवार माझ्या शेजारी बसून मला एकच गोष्ट सांगत होता, आणि मी त्याला रंग कालवून देत होते.

मी रंगाच्या दुकानात काम करते. सव्वीस वर्षं झाली. गिऱ्हाईक शेडकार्डावर बोट ठेवतं, मी मशीनवर नंबर दाबते, पांढऱ्या डब्यात थेंब पडतात, डबा घुसळला की रंग तयार. मशीन नव्हतं तेव्हा काठीने ढवळून जुळवायचो. अजूनही कुणी भिंतीचा पोपडा खिशातून घेऊन आलं की बाकीचे माझ्याकडे पाठवतात. नुसत्या डोळ्यांनी रंग जुळवणारी त्या दुकानात मी एकटीच, आणि ते मी कुणाला विसरू देत नाही.

दादा माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. कारखान्यात लेथवर टर्नर होता. लग्नाच्या भानगडीत तोही पडला नाही, मीही पडले नाही. आई-वडील गेल्यावर आम्ही दोघं तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत भांडत राहिलो, मजेत राहिलो. मला तो ‘मिरची’ म्हणायचा. त्याचं सगळं मापात. केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढी चूक त्याला बोटाला कळायची. शाळेत असताना एकदा ‘माझे स्वप्न’ असं चित्र काढायला सांगितलं होतं, तर याने अंथरूण काढलं होतं, चादरीच्या चौकड्या मोजून. बाईंनी विचारलं, स्वप्न कुठे आहे? तर म्हणाला, ते मला दिसत नाही, मी झोपलेला असतो. घरात कित्येक वर्षं हा विनोद चालला. डोळ्यांसमोर नसलेली गोष्ट माझ्या भावाने जन्मात कधी काढली नाही. मला हे सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

मागच्या वर्षी त्याला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं: जीभ ठीक आहे, पण शब्द ठेवायची जागाच गेली आहे. बोलायचे शब्दही नाहीत, लिहायचेही नाहीत. हो-नाहीची मानसुद्धा उलटसुलट हलते, तेव्हा तिच्यावर विसंबू नका. एक शब्द तेवढा शिल्लक राहिला होता, ‘बरोबर’. कारखान्यात तुकडा मापात बसला की तो हे म्हणायचा. आता भूक लागली तरी बरोबर, दुखलं तरी बरोबर, रागाने थाळी ढकलली तरी बरोबर. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. मग मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

मला नोकरी सोडणं शक्य नव्हतं, म्हणून मावशी ठेवल्या. मावशी म्हणायचं इतकंच, माझ्याहून दहा वर्षांनी लहानच होत्या. स्वच्छ, शांत, शिकलेल्या. मी नऊला निघायचे आणि सहाला यायचे. आले की दादा न्हालेला, पावडर लावलेला, भांग पाडलेला, खिडकीजवळ बसवलेला. एक वाजता मी दुकानातून त्यांच्या मोबाईलवर फोन करायचे. “जेवले. पडलेत जरा,” मावशी म्हणायच्या. कधी कधी मागे लहान मूल रडल्याचा आवाज यायचा. त्या म्हणायच्या, टीव्ही लावलाय. दुकानात मी सगळ्यांना सांगायचे की माणूस मिळालं तर असं मिळावं.

पहिल्या महिन्यात एकदा समोरचे काका जिन्यात भेटले. म्हणाले, “दुपारी तुमचे दादा आतून दार बडवतात हो. तास तास. आमची झोप होत नाही.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी मी मावशींना चांगलंच सुनावलं, की माणूस दार बडवेपर्यंत तुम्ही काय करता? त्या मान खाली घालून म्हणाल्या, “पुन्हा नाही होणार, ताई.” आणि नाहीच झालं. दुसऱ्या दिवसापासून काकांना आवाज आला नाही. काकांनी जिन्यात मला नमस्कार केला. माझ्या एका झापण्याने किती फरक पडला, म्हणून मी खूश.

त्याच सुमाराला दादा सकाळी हट्ट करू लागला. मी पर्स उचलली की डाव्या हाताने माझी बाही धरायचा. लेथवर चाळीस वर्षं काढलेल्या माणसाची पकड, ती एका हाताची असली तरी सुटत नाही. “बरोबर, बरोबर, बरोबर.” मी एकेक बोट सोडवायचे. आधी प्रेमाने, मग घड्याळाकडे बघत, मग ओरडून. माझ्या दोन कुर्त्यांच्या बाह्या उसवल्या. मावशी म्हणायच्या, “लहान मुलासारखं झालंय त्यांचं. तुम्ही गेलात की पाच मिनिटांत शांत होतात.”

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डाव्या हाताला काम द्या, शब्दांची गरज नसलेलं काहीतरी. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर मोठ्या माणसांसाठी चित्रकलेचा वर्ग होता, शनिवारी चार ते सहा; त्या दिवशी दुकानात मला अर्धाच दिवस असायचा. अमूर्त चित्रकला, असं पाटीवर लिहिलं होतं. मी मनात म्हटलं, बरं झालं, हुबेहूब काढता आलं नाही तरी कुणी हसणार नाही. त्याला एकट्याला पाठवता येत नव्हतं, म्हणून मीही नाव घातलं. एक दातांची डॉक्टर होती, एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, वांगीवाल्या बाई, आणि असेच काहीजण, ज्यांना आयुष्यात काहीतरी करायचं राहून गेलं होतं. मास्तर पन्नाशीचे, हडकुळे, पँटीच्या गुडघ्यांवर सगळे रंग. मनाने चांगला माणूस. दादाच्या हातात त्यांनी जाड ब्रश दिला, कागद चिकटपट्टीने फळीला पक्का केला, आणि म्हणाले, “काका, इथे चुकता येत नाही. जे येईल ते येऊ द्या.”

दादा कागदाकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने काळा रंग घेतला आणि कागद वरपासून जवळजवळ खालपर्यंत भरून टाकला. सगळ्यात खाली एक आडवी पट्टी कोरी ठेवली. डावा हात सवयीचा नव्हता, पण पट्टीची वरची कड सरळ आली. मग पांढऱ्यात बोट बुडवून डावीकडे, मध्याच्या थोडं वर, एक ठिपका दिला. झालं. ब्रश ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

“वा,” मास्तर मागून म्हणाले. खोटं नव्हे, मनापासून. “पहिल्याच दिवशी! बघा सगळ्यांनी. केवढा मोठा अंधार, आणि त्याला तोलायला एवढीशी रेघ आणि एक ठिपका. लोक दहा वर्षं घालवतात असं नको ते सोडून द्यायला शिकण्यात.”

“बरोबर,” दादा म्हणाला. मग मोठ्याने, “बरोबर! बरोबर!” आणि हाताने फळीवर थापा मारू लागला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. मला रडूच आलं, अभिमानाने.

पुढचे चारही शनिवार त्याने तेच चित्र काढलं. मोठा अंधार, खाली पट्टी, डावीकडे ठिपका. फरक पडला तो रंगात. नुसता काळा त्याला पटेना. त्यात तो हिरवा घालायचा, मान हलवायचा, कागद फाडायचा. हे मात्र माझ्या अखत्यारीतलं होतं. मी माझं चित्र सोडून त्याच्याजवळ बसले. थाळीत हिरवा घेतला, तपकिरी घेतला, काळा टाकला, काडीवर घेऊन दाखवला. तो हात झटकायचा. मी राखाडी वाढवला. पुन्हा झटकला. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून मला कळतं की आपण शेडच्या जवळ येतोय की लांब जातोय. तिसऱ्या शनिवारी मी थेंबभर पिवळा टाकला आणि दादाने माझं मनगट धरलं. शेवाळाचा वाटावा असा काळपट, मातकट, डबक्याच्या तळासारखा रंग. “हा?” मी म्हटलं. “बरोबर,” तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“शी, काय घाणेरडा रंग निवडलास रे,” मी म्हटलं. “दुकानात कुणी फुकट नेणार नाही.” पण मी खूश होते. झटका आल्यापासून आम्ही दोघांनी मिळून केलेली ती पहिली गोष्ट होती. प्रमाण मी वहीत लिहून ठेवलं, आणि दर शनिवारी घरूनच एका बरणीत तो रंग कालवून नेऊ लागले.

पाचव्या शनिवारनंतरचा रविवार मला पक्का आठवतो. मावशींची सुट्टी होती, मी घरी होते. दादा काठी टेकत उठला, माझी बाही धरली आणि मला मधल्या बोळाकडे ओढू लागला. बोळात बाथरूम आणि त्याच्या समोर स्टोअर, तीन फूट बाय पाच फूट, घराच्या अगदी पोटात. त्याने स्टोअरच्या दारावर हात मारला. “बरोबर. बरोबर.” मी कडी काढली, दिवा लावला. आत जुने डबे, दुमडलेली खाट, सुटकेस, आणि जमिनीवर, दाराकडे तोंड करून, दादाची हत्यारांची लाकडी पेटी. कारखान्यातून निवृत्त होताना त्याने घरी आणलेली, स्टुलासारखी गुडघ्याएवढी उंच. दादा पेटीवर हात मारू लागला.

“अच्छा! हत्यारं हवी होय?” मी म्हटलं. “मग इतके दिवस बोलायचं नाहीस?” आणि माझ्याच बोलण्याची मला लाज वाटली.

मी पेटी उघडून त्याच्या हातात त्याचं आवडतं मोजमापाचं हत्यार दिलं. त्याने ते भिंतीवर फेकलं. मी उचलून पुन्हा दिलं, त्याने पुन्हा फेकलं. मग मात्र माझा तोल गेला. “हातात धरवत नाही म्हणून माझ्यावर राग काढतोस? मी काय केलंय तुझं?” तो खाली बसायला लागला, तिथेच, पेटीवर. मी त्याला काखेत धरून उठवलं आणि खोलीत आणून बसवलं. संध्याकाळी माझा राग गेला. मग मी समोरच्या काकांना बोलावलं, आम्ही दोघांनी मिळून ती जड पेटी ओढत आणली आणि दादाच्या पलंगाशेजारी ठेवली. म्हटलं, निदान डोळ्यांसमोर राहील. हात फिरवावासा वाटला तर फिरवेल. दादा पेटीकडे नुसता बघत होता. एवढं चांगलं काम करून साधं ‘बरोबर’सुद्धा नाही, म्हणून मी जरा फुगलेच.

सहाव्या शनिवारी चित्र बदललं.

रंग तोच, माझ्या बरणीतला. पण खालची पट्टी वर आली, थेट कागदाच्या मध्यावर, आणि चांगली तीन बोटं जाड झाली. ठिपका गेला. पट्टीच्या खाली पुन्हा अंधार, पण त्यात पट्टीला लागून पिवळसर उजेड सांडलेला. दादाने चित्र काढताना मान उजव्या खांद्यावर टाकली होती, तशीच शेवटपर्यंत ठेवली.

मास्तर नाचायचेच बाकी होते. “क्षितिज वर आलं! पाच आठवडे हा माणूस जमिनीवर नजर ठेवून होता, आता बघा, उजेडाला सामोरा गेलाय. आणि ठिपका टाकून दिला. मोहाचा होता तो ठिपका. काका, तुम्ही मोकळे होताय.”

“बरोबर,” दादा म्हणाला. या वेळी थापा मारल्या नाहीत.

त्या आठवड्यात घरी आल्यावर मला त्याच्या उजव्या गालावर एक सरळ वळ दिसला. दुसऱ्या दिवशीही. मी मावशींना म्हटलं, उशीची शिवण टोचते वाटतं, अभ्रा उलटा घाला. त्यांनी घातला.

आठव्या शनिवारी पट्टी तुटली. म्हणजे पट्टी मध्यावर आडवी होतीच, पण तिच्यात त्याने दोन काळे तुकडे घातले, एकमेकांच्या जवळ, हातभर रेघेत दोन मुठी ठेवाव्यात तसे. त्यानंतर प्रत्येक चित्रात ते दोन तुकडे आले. दातांची डॉक्टर म्हणाली, तिला ते बघून उगाचच भीती वाटते. मास्तर म्हणाले, हेच तर हवं. बँकवाले गृहस्थ माझ्या कानाशी लागले. “अहो, पण ते नक्की काय...” मी ओठांवर बोट ठेवलं आणि ब्रशांच्या बादलीकडे खूण केली. ते हसले, मी हसले. दादा आम्हा दोघांकडे बघत होता.

अकराव्या शनिवारी मास्तरांनी जाहीर केलं की पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी खालच्या दालनात वर्गाचं प्रदर्शन आहे, आणि दाराच्या अगदी समोरच्या भिंतीवर दादाचं चित्र लागेल. सकाळी बाही धरणं तोपर्यंत बंद झालं होतं. मी पर्स उचलली तरी तो खिडकीबाहेर बघत बसायचा. मावशी म्हणाल्या, “रुळले आता.” मी मास्तरांना सांगितलं की तुमच्या वर्गामुळे माझा भाऊ शांत झाला, आणि त्यांचे हात हातात घेतले.

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. दादाला निळा सदरा घालायचा, दाढी करून द्यायची, पाचला निघायचं, असं ठरवलं होतं. मावशींना काही कळवलं नाही. म्हटलं, गंमत करू. तीनला मी किल्लीने दार उघडलं.

घरात कुणी नव्हतं. खिडकीजवळची खुर्ची रिकामी, पलंग नीट केलेला, अभ्रा उलटा. दादाची काठी बोळाच्या तोंडाशी भिंतीला टेकवून ठेवलेली. मी हाक मारली. बाथरूम बघितलं. माझ्या डोक्यात आलं, दवाखान्यात नेलं असेल, आणि मी फोन काढला. तेवढ्यात माझ्या पायाच्या घोट्याजवळून आवाज आला, अगदी हळू.

“बरोबर.”

स्टोअरची कडी बाहेरून लावलेली होती. ती दादानेच बसवलेली, इतकी नेमकी की सरकवताना आवाजसुद्धा होत नाही. मी ती ओढली.

तो जमिनीवर होता. उजव्या कुशीवर, गाल फरशीच्या सांध्यावर, तोंड दाराकडे. पँट ओली झाली होती. शेजारी पाण्याची बाटली, झाकण घट्ट लावलेली, एका हाताला न उघडणारी. उजेड आला तसे त्याने डोळे मिटले. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. त्याला पाणी पाजलं. बसवायला गेले, पण तीन फुटांच्या जागेत मला तो उचलेना, टेकवला की पुन्हा उजवीकडे कलायचा. टेकायला काही नव्हतंच. डबे उंच फळीवर, खाट एका अंगाला, आणि मध्ये फरशीवर एक चौकोन, चारी बाजूंनी धूळ आणि आत स्वच्छ. तिथे पेटी असायची.

मग मी भिंतीकडे बघितलं.

अकरा वर्षांपूर्वी दुकानात माझ्या हातून एक डबा चुकला होता. चुकीचा नंबर दाबला गेला आणि कुणी मागितला नव्हता असा एक हिरवट रंग तयार झाला. जगातल्या कुठल्याच शेडकार्डावर नसलेला. मालक ओरडले, मी तो घरी आणला आणि वाया जाऊ नये म्हणून स्टोअरला आतून मारून टाकला, भिंती आणि दारही. दिव्यात तो साधा पोपटी दिसतो. काही सामान आणायला जायचे तेव्हा दिवा लावूनच जायचे. आणि गिऱ्हाइकांना मी रोज, दिवसातून वीस वेळा, सव्वीस वर्षं सांगत आले आहे: रंग दुकानात बघून ठरवू नका, घरी न्या, सकाळी बघा, दुपारी बघा, दिवा घालवून बघा.

मी दादाच्या शेजारी फरशीवर आडवी झाले. त्याच्यासारखीच, गाल सांध्यावर टेकून. दाराच्या खालच्या फटीत बोटं घालून दार ओढून घेतलं.

अंधार झाला. आणि मग हळूहळू माझ्या बरणीतला रंग समोर आला. मी प्रमाण लिहून ठेवलेला, जसाच्या तसा. त्याच्या मधोमध, डोळ्यांच्या रेषेत, पिवळसर उजेडाची तीन बोटं जाड पट्टी, आणि पट्टीच्या खाली फरशीवर सांडलेला उजेड. ही फट दादानेच ठेवली होती, आतल्या डब्यांना हवा लागावी म्हणून. मान उचलून वर बघितलं तर डावीकडे दारात भोक होतं, आतली मूठ त्याने काढून टाकली तेव्हाचं. इथून ते नजरेत येत नव्हतं. पेटीवर बसलं असतं तर अगदी समोर आलं असतं, आणि पट्टी खाली, पायांशी, बारीक दिसली असती.

म्हणजे पहिली पाच चित्रं पेटीवर बसून. बाकीची इथून.

“दादा,” मी म्हटलं, “ती पेटी... तू बसायचास ना तिच्यावर? मी काढून घेतली ती.”

मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, “बरोबर.”

त्याच्याजवळ दुसरा शब्दच नाही, हे मला माहीत आहे. त्याला हो म्हणायचं होतं, की असू दे म्हणायचं होतं, की नुसती तहान लागली होती, हे मला कधीही कळणार नाही. मी त्याचा ओला हात धरून पडून राहिले. उठायला हवं होतं, काकांना हाक मारायला हवी होती, फोन करायला हवा होता. मी उठले नाही. तो रोज तास तास इथे असायचा, आणि मला पंधरा मिनिटं धड होईनात.

बाहेरच्या दाराला किल्ली लागली. साडेतीन झाले असणार. पिशवी ठेवल्याचा आवाज आला, नळ सुटला, बंद झाला. मावशी काहीतरी गुणगुणत होत्या. मग पावलं बोळात आली आणि समोरच्या उजेडाच्या पट्टीत दोन काळे तुकडे उभे राहिले, एकमेकांच्या जवळ.

गुणगुणणं थांबलं. कडी उघडी दिसली असणार. तुकडे हलले नाहीत.

शेजारी दादाचा डावा हात अंधारात चाचपडत आला आणि त्याने माझी बाही घट्ट धरली. मी ती सोडवून घेतली नाही.